खंडेनवमीचा फिल्टर
बांगलादेशच्या लढाईनंतर आमचे हे रजेवर आले, ते मिलिटरी कॅन्टीनमधून स्टीलचा फिल्टर घेऊनच. उंब्रजजवळच्या आमच्या गावात असली वस्तू कुणी पाहिली नव्हती. वरच्या डब्यात दोन पांढऱ्या कँडल, त्यांतून झिरपून पाणी खालच्या डब्यात उतरायचं. आमची लेक तेव्हा वर्षाचीही नव्हती आणि पावसाळा लागल्यापासून तिचे जुलाब थांबत नव्हते. मांडीवर घेतली की नुसती हाडं लागायची. कराडच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "औषध देतो, पण पाणी सांभाळा."

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. मी त्यांना आत्या म्हणायची. "किस्नाबाईचं पानी गाळून प्यायचं? आमी काय आजवर इख पीत हुतो व्हय?" म्हणत त्यांनी आपला तांब्या सरळ हंड्यात बुडवला. मी पडले सांगलीची, म्हणजे त्यांच्या लेखी नाजूक. सांगलीलाही कृष्णाच आहे, पण ते त्यांना कोण सांगणार. मीही काही कमी नव्हते. "तुम्ही प्या आत्या, माझी लेक पिणार नाही," असं तोंडावर सांगून मी फिल्टर भरला.

हे रजा संपवून गेले. श्रावण-भाद्रपदात नदी चहासारखी लाल. दोन-तीन दिवसांत कँडलवर गाळाचा बुळबुळीत थर बसायचा आणि खाली पाणी उतरेनासं व्हायचं. मग कँडल काढायच्या, जुन्या टूथब्रशने घासायच्या, की पुन्हा टिपटिप सुरू. जीव मेटाकुटीला यायचा, पण लेक सावरत होती. नवरात्र बसेपर्यंत ती रांगत उंबऱ्यापर्यंत जाऊ लागली. सासूबाई येता-जाता फिल्टरकडे नुसत्या बघायच्या.

दसऱ्याच्या सकाळी बघते, तर खालचा डबा कोरडा ठणठणीत. वरचा तसाच भरलेला. नदी तर केव्हाच निवळली होती, मग गाळ आला कुठून? कँडल काढली, तर हाताला ओशट लागलं. वास घेतला. करडईचं तेल.

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, आत्यांनी मुद्दाम केलं. मी खुंटीवरची पिशवी काढून लेकीची लंगोटं भरायला घेतली. "मी चालले सांगलीला, पोरीला घेऊन. इथं ती जगायची नाही."

सासूबाई माझ्या हातातल्या कँडलकडे बघत राहिल्या. "आगं, काल खंडेनवमी न्हवती का? इळा, खुरपं, नांगराचा फाळ, समद्यास्नी तेल लावून पूजा केली. मग ह्येलाच कसं इसरू? पोरगी ह्येनंच जगवली न्हवं?" मग म्हणाल्या, "माजी थोरली आशीच जुलाबानं ग्येली. तवा असलं काय न्हवतं."

त्यांना थोरली होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला रडू आलं. त्या रडत नव्हत्या, म्हणून जास्तच आलं.

पिशवी पुन्हा खुंटीवर गेली. कँडल धुण्याच्या सोड्यात उकळल्या, घासल्या, साध्या पाण्यात पुन्हा उकळल्या. चूल सासूबाईंनीच फुंकली. तिन्हीसांजेला खालच्या डब्यात पहिला थेंब वाजला, तेव्हा त्या माझ्याआधी उठून बघायला गेल्या. स्वतः मात्र शेवटपर्यंत हंड्यातलंच पाणी प्यायल्या.

पुढच्या खंडेनवमीला विळ्या-खुरप्यांची पूजा करून त्या तेलाची वाटी घेऊन फिल्टरपाशी आल्या आणि थांबल्या. "कुटं लावू, तूच सांग."

मी झाकणाच्या कडीवर बोट ठेवलं. त्यांनी कडीला तेल लावलं, कुंकू लावलं, हात जोडले. लेक तोवर घरभर धावायला लागली होती. तिला त्यांनी मांडीत धरून बसवलं आणि वाटीतलं उरलेलं तेल तिच्या टाळूवर सावकाश जिरवलं.