लोगोनकाठचा कापूस

बोंडअळी बीटी कपाशीवरही आली, त्या वर्षी मलकापुरातलं आमचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग बंद पडलं. मी तिथं फिटर होतो. मशीन बसवायचं काम मिळालं म्हणून मध्य आफ्रिकेतल्या चाड देशात गेलो. त्या देशाच्या उत्तरेला नुसतं वाळवंट. आम्ही होतो दक्षिणेला, लोगोन नदीकाठी, पांढऱ्याशुभ्र शेतांत. जमिनीखाली तेल आहे म्हणायचे, पण बाया डोक्यावर सरपण घेऊनच घरी जात.

संध्याकाळी मी नदीवर बसायचो. कोळ्यांच्या लांबट होड्या झोपेत असल्यासारख्या संथ यायच्या. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझ्या केसांतला कापूस अलगद काढला आणि गाव कुठं, ते खुणेनं विचारलं. मी पूर्वेकडं बोट दाखवलं. त्यानं मूठभर शेंगा दिल्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही त्या खात बसलो.

मी उठणार तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"तिकडे काय पिकते हो?"

"कापूसच."

ती हसली. "मंग इतक्या दूर काऊन गेले तुम्ही?"

 मी फोन पाण्याजवळ धरला. "आयकू येऊन राह्यलं का?"

"हाव," ती हळूच म्हणाली, "नदी वाहून राह्यली."