सयाजी जॉबरचा समुद्र

सयाजीने आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला, तोही सहलीच्या बसमधून उतरून, चपला हातात धरून. बाकीची अडतीस वर्षं त्याने सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात काढली. तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. कुठल्या मागाचं काय दुखतंय, हे तो डोळे मिटून नुसत्या खडखडाटावरून सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्याला आवाज न करणारं काहीतरी हवं होतं. त्याने तीन फुटी काचेच्या टाकीत खारं पाणी भरलं, त्यात जिवंत प्रवाळं लावली, एक मासा आणि थोड्या गोगलगायी सोडल्या आणि खिडकीशी स्वतःचा समुद्र मांडला.

खिडकीशी त्याआधी वैजयंतीचं शिलाई मशीन होतं.

"अंगठीत घालायचं पोवळं तुमी पाण्यात बुडवून ठेवलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "ठेवा. मी बोटसुद्धा लावणार न्हाय. पर यातलं शेवटचं मेलं की माझं मशीन परत हितं. कबूल?"

"कबूल."

दीड वर्ष त्या कबुलीची आठवण काढायची वेळ आली नाही. मग एप्रिलमध्ये टाकीत काहीतरी बिनसलं. आधी तीन गोगलगायी मेल्या. मग शर्टाच्या बटणांएवढी तोंडं असलेलं जांभळं प्रवाळ मिटलं, ते उघडलंच नाही. राहिलं एक, हिरव्या बोटांचं. वाऱ्यावर हलावं तशी पाण्यात हलणारी त्याची बोटं आता आखडून मुठीसारखी झाली होती. नारिंगी मासा तेवढा मजेत हिंडत होता.

वैजयंती शिवणाची टेप घेऊन आली आणि खिडकी मोजून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली.

सयाजीने मागाचीच रीत धरली. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. दोन फिरवले तर दोष कुठल्याचा, ते कळत नाही. त्याने आधी दिव्याचे तास कमी केले आणि चार दिवस थांबला. फरक नाही. खारटपणा मोजला. बरोबर होता. मग उन्हाळा म्हणून टाकीवर छोटा पंखा लावला, तेव्हा एक गोष्ट त्याच्या डोक्यात खटकली. सोलापुरात एप्रिलमध्ये दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. टाकीतलं पाणी रोज बोटभर तरी उडायला हवं. ते तर महिनाभर जिथल्या तिथे होतं, म्हणजे कोणीतरी वरून पाणी घालत होतं, आणि तो मात्र आपण बसवलेल्या झाकणाचं कौतुक करत बसला होता.

बाटलीत टाकीचं पाणी घेऊन तो माशांच्या दुकानात गेला. दुकानदार फरहानने बाटली उजेडात धरली.

"काका, मासा जिवंत आणि गोगलगायी गेल्या? तांबं असंल. माशाला थोडं चालतं, यांना अजिबात न्हाय. वायर-बियर पडलीय का आत?"

"न्हाय."

फरहानने पाण्यात थेंब टाकले. पाणी निळसर झालं. "बघा. कोणीतरी तांबं पाजतंय की यांना!"

घरात तांब्याची वस्तू एकच होती. वैजयंतीने माहेरून, अकलूजहून आणलेली छोटी कळशी. दर रविवारी ती चिंचेने घासून लखलखीत व्हायची. सयाजीला घरापर्यंतच्या रस्त्यात सगळा कट दिसला. कबुली, टेप, खिडकी, कळशी. एवढी वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, ती असा डाव टाकते!

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो टाकीसमोर आडवा झाला, तोंडावर टॉवेल ओढला आणि घोरू लागला. टॉवेल त्यांच्याच कारखान्यातला होता. विरळ विणीचा. त्यातून सगळं दिसायचं.

वैजयंती पाय न वाजवता आली. तांब्याची कळशी तिरकी केली आणि खालची वाळू उडू नये म्हणून पाणी आधी स्वतःच्या तळहातावर, मग टाकीत सोडलं.

"पी गं बाई," ती हिरव्या बोटांना म्हणाली. "यांच्या त्या फिल्टरच्या पाण्यात काय सत्त्व हाय? हे रातभर तांब्यात ठेवलंय. बरी हो. तू गेलीस तर हा माणूस दिवसभर माझ्याच मागं बसंल."

घोरणं थांबलं. वैजयंतीने वळून पाहिलं. घोरणं घाईघाईने सुरू झालं.

आता आली पंचाईत. सांगावं, तर ही पुन्हा टाकीकडे बघणार नाही. न सांगावं, तर प्रवाळ जाईल. संध्याकाळी त्याने पोटावर हात फिरवला.

"डॉक्टर म्हणाले पित्त झालंय. तांब्याचं पाणी पी म्हणाले. कळशीतलं सगळं."

"कुठला डॉक्टर?"

"नवीन हाय."

त्या दिवसापासून तो कळशी दुपारच्या आत रिकामी करू लागला. तिने पुन्हा भरली, तो पुन्हा प्यायला. त्याच्या मोरीकडच्या खेपा काही मोजता येईनात. फिल्टरच्या पाण्याचा प्लास्टिकचा जग मात्र तो रोज टाकीशेजारी विसरून जायचा, आणि झोपून उठला की जग रिकामा असायचा. फरहानकडून त्याने तांबं शोषणारी चकती आणून पंपाशी बसवली. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं.

पाचव्या आठवड्यात मुठीतून एक बोट सुटलं. मग दुसरं. रविवारपर्यंत सगळी हिरवी बोटं हलू लागली.

सोमवारी त्याने फरहानला बोलावलं, पाणी बादल्यांत काढलं आणि टाकी आतल्या भिंतीशी हलवली. खिडकीचं ऊन या जिवांना सोसत नाही, हे फरहानने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सयाजीला त्या जागेचा मोह सुटला नव्हता, इतकंच. मग त्याने मशीन उचलून खिडकीशी ठेवलं.

"शेवटचं मेलं न्हाय अजून," वैजयंती म्हणाली.

"न्हाय. पर राहू दे तितं."

ती स्टुलावर बसली. सुईत दोरा ओवताना मान वर न करता म्हणाली, "अहो, पित्त गेलं असंल की आता. द्या माझी कळशी."

"गेल्यासारखं वाटतंय."

"आणि परत कधी झोपेचं सोंग आणलं, तर जरा शिकून घ्या. माणसं अशी एका ठेक्यात घोरत न्हाईत. माग घोरतो तसा."