सरांचं वय काढा

खानदेशात गृहपाठ तपासणारे मास्तर आजवर हजारो होऊन गेले असतील. पण गृहपाठातलं उत्तर खरं आहे का ते बघायला सायकल काढून थेट विद्यार्थ्याच्या गोठ्यात जाणारा आणि म्हशीच्या मालकाला म्हशीचं वय विचारणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या शाळेत होता. मी त्या शाळेत लिपिक आहे. भडगावपासून पाऊण तासावर, गिरणेच्या काठी आमचं गाव. सर बीजगणित शिकवायचे. मराठीच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा काही भरली नाही, तेव्हा मराठीही सरांच्याच गळ्यात पडलं. दुसरा कोणी असता तर मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन तासभर कुरकुरला असता. सर मात्र खूश होऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बरं झालं भाऊ. आता पोरं बीजगणितात थापा मारतील तर मराठीत धरता येतील, आणि मराठीत मारतील तर बीजगणितात."

पहिलाच निबंध त्यांनी दिला 'माझी आई'. चाळीस वह्या आल्या, आणि चाळीसही आया पहाटे पाचला उठणाऱ्या, मायेचा सागर असलेल्या, कधीही न रागावणाऱ्या. सगळ्यांनी एकाच मोबाइलवरून उतरवलेल्या, हे सांगायला बीजगणित लागत नव्हतं. सरांनी रागवायचं सोडून प्रत्येक वहीत लाल शाईने एकच शेरा मारला : 'किती वाजता उठते ते विचारून लिही.' दुसऱ्या दिवशी गावात भलतीच पंचाईत झाली. कोणाची आई कपाशी वेचायच्या दिवसांत पावणेचारला उठते असं निघालं, तर एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं की माझी आई सात वाजता उठते आणि तोवर वडील चहा करून ठेवतात. त्या वडिलांना पुढे महिनाभर पारावर बसायची सोय राहिली नाही. ते शाळेत भांडायला आले तेव्हा सरांनी मुलाची वही पुढे केली. दहापैकी नऊ गुण होते. "हा एक गुण का कापला?" त्या गृहस्थांनी विचारलं. "चहात साखर किती घालता ते लिहिलेलं नाही," सर म्हणाले. भांडण तिथेच संपलं आणि दोघांनी माझ्या खर्चाने चहा घेतला.

कवितेचंही तेच. पुस्तकातल्या कवितेत दुथडी भरून वाहणारी नदी होती. सरांनी वर्ग उचलला आणि एप्रिलच्या उन्हात गिरणेच्या पात्रात नेऊन उभा केला. म्हणाले, "आता रसग्रहण करा." एका मुलीने लिहिलं, 'आमच्या नदीत आज बारा बकऱ्या, एक ट्रॅक्टर आणि आम्ही आहोत.' सरांनी ती ओळ महिनाभर फळ्याच्या कोपऱ्यात ठेवली, पुसू दिली नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

पण सरांचा खरा जीव होता तो वयाच्या गणितांत. पुस्तकातली वयाची उदाहरणं त्यांना अजिबात मान्य नसत. "हे पुस्तकातले वडील कोण, कुठले, आपल्याला काय माहीत? घरातली माणसं घ्या, समीकरण मांडा, सोडवा." पहिल्या वर्षी पोरांनी आधार कार्डं समोर ठेवून गणितं केली, आणि वर्गात हाहाकार उडाला. अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं. पूर्वी गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे, लागला की सहा वर्षांचा, लिही एक जून. त्या हिशेबाने एकाची आई त्याच्या थोरल्या भावाहून आठच वर्षांनी मोठी निघाली, आणि दोन सख्ख्या भावांच्या वयात, एकाचा एक जून आणि दुसऱ्याची खरी तारीख म्हणून, सात महिन्यांचं अंतर आलं. सरांनी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. म्हणाले, "तुमचं गणित बरोबर शे. कागद चुकीचा शे. पुढच्या वेळी कागदाला विचारू नका, आजीला विचारा. आणि आजी काय म्हणाली ते मराठीच्या वहीत लिहा." मी लिपिक माणूस. कागदाबद्दल असं बोललेलं मला मुळीच आवडलं नाही, आणि मी ते त्यांना ऐकवलंही.

त्यानंतर काही वर्षांनी, अगदी अलीकडे, सरांच्या निवृत्तीचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आला. सेवापुस्तकात त्यांचीही जन्मतारीख एक जून. अठ्ठावन्न पूर्ण, म्हणजे एकतीस मेला सेवा समाप्त. दहावीच्या मुलींना हे कळलं, आणि त्या वर्षी वयाच्या गृहपाठात त्यांनी परस्पर ठरवलं की यंदा घरातलं कोणी नाही, सरांचं वय काढायचं. पाचसहा जणी सरळ सरांच्या घरी गेल्या. सर शाळेत होते, ओट्यावर त्यांच्या आई बसल्या होत्या. गाव त्यांना अक्का म्हणतं. अक्कांनी सगळं सांगितलं. थोरला मुलगा तालुक्याच्या दवाखान्यात झाला, त्याचा जन्माचा कागद पेटीत आहे, तो आता एकसष्ट वर्षांचा. आणि धाकट्याचं, म्हणजे सरांचं, जावळ काढलं तेव्हा थोरला सहा वर्षांचा होता. मुलींनी थोरल्याचं वय y धरलं, सरांचं x धरलं. एका ओळीत सुटणारं गणित तीन पानं भरून सोडवलं आणि शेवटी चौकट काढून लिहिलं : x = 56.

सरांनी ती वही तपासली आणि परत केली. लाल शाईत शेरा : 'जावळ पहिल्या वर्षीही काढतात, तिसऱ्याही. पहिल्याच वर्षी काढलं, याला आधार काय?' स्वतःची नोकरी वाचवू पाहणाऱ्या गणितात हा माणूस चूक काढत बसला होता. मुली पुन्हा अक्कांकडे गेल्या. अक्का म्हणाल्या, "तवय त्याले चारच दात व्हतात. देवीना पुजारीना बोटले चावना, म्हनीसन माले याद शे." पुजाऱ्याला चावलेले चार दात म्हणजे वर्षभराचंच पोर, हे जोडून मुलींनी पायरी पूर्ण केली. शिवाय मराठीच्या वहीत पुढची हकिगत लिहिली. थोरला चौथीत होता, गावच्या शाळेतलं त्याचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी धाकट्याला नाला ओलांडून शाळेत न्यायला कोणी उरणार नव्हतं, आणि अक्का दिवसभर शेतात. वर्षभर भावाबरोबर गेला की वाट पायाखालची होईल, म्हणून वडिलांनी चार वर्षांच्या सरांना भावाच्या बोटाला धरून शाळेत पाठवलं. हात जन्मापासून लांब, सहज कानाला लागला. गुरुजींनी सहा लिहिलं.

या वेळी सरांनी दहापैकी दहा दिले. मुली ती वही घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. त्यांच्यातली मॉनिटर म्हणाली, "भाऊ, सर अठ्ठावन्नना नहीत. आम्ही सिद्ध करेल शे. तुम्ही कागद बदला." मी त्यांना नियम सांगितला. सेवापुस्तकातली जन्मतारीख नोकरीच्या शेवटी शेवटी कोणी बदलून देत नाही, आणि चार दातांवर तर नाहीच. ती एवढंच म्हणाली, "पण गणित तर बरोबर शे." मी वही ठेवून घेतली. सर मागे व्हरांड्यात उभे होते, त्यांनी हे ऐकलं. मुली गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "भाऊ, दोन वर्षं म्हणजे अजून दोन दहाव्या झाल्या असत्या." इतक्या वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि तेव्हाही त्यांनी मागितलं नाहीच. पण मला वाईट वाटलं, आणि मी नोकरीत कधी केलं नाही ते केलं. प्रस्तावाला ती तीन पानं सहपत्र म्हणून जोडली. जळगावहून प्रस्ताव मंजूर होऊन आला, पानं परत आली. वर लिहिलं होतं : 'अनावश्यक कागद काढून घ्यावेत.'

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीला बीजगणिताला कोणी नाही. जागा भरायचा प्रस्ताव मी पाठवला आहे. सर गावातच आहेत, तब्येतीने खणखणीत. संध्याकाळी मुली वह्या घेऊन त्यांच्या ओट्यावर जातात आणि शेरे खाऊन परत येतात. पण सकाळी अकराची घंटा झाली की दहावीचा वर्ग उगाच वह्या काढून बसून राहतो, आणि मी फाइल पुढ्यात ओढून व्हरांड्याकडे बघत राहतो. या वेळी ते घरी असतात, ही गोष्ट अजून माझ्या अंगवळणी पडलेली नाही.