एकविसाव्या पानावरची तीन टिंबं

अण्णासो पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. फायली सोडल्या तर उभ्या जन्मात त्यांनी काही वाचलं नव्हतं, वाचणाऱ्यांची टिंगल मात्र हौसेनं केली. त्यांची बायको अंजना भाकऱ्या थापतानासुद्धा पुस्तक समोर उघडं ठेवायची. "परीक्षेला बसायचीस काय गं?" हा अण्णासोंचा बावीस वर्षांचा ठरलेला विनोद. ती हसायची आणि पान उलटायची.

एकोणऐंशी सालच्या जूनमध्ये अंजना गेली. पोटात कॅन्सर होता. मिरजेच्या डॉक्टरांनी तो फक्त अण्णासोंना सांगितला होता, आणि अण्णासोंनी तिला सांगितलं, अल्सर आहे. आठ महिने त्यांनी हे सोंग बेमालूम वठवलं. "शेवटपत्तोर कळू दिलं न्हाय तिला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तेवढाच एक आधार उरला होता त्यांना.

तेराव्यानंतर तिच्याकडं राहिलेलं पुस्तक परत करायला ते पेठेतल्या वाचनालयात गेले. तिथं पुस्तकं देणाऱ्या शालूबाईंनी एकविसावं पान उघडून दाखवलं. पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीची तीन टिंबं होती, चुलीच्या तीन दगडांसारखी.

"ही वैनींची खूण. वाचल्यालं पुस्तक परत घरी जाऊ नये म्हणून बायका करत्यात. कुणाची फुली, कुणाचं फूल."

अण्णासोंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी तीन टिंबांची पुस्तकं एकेक करून मागायला सुरुवात केली.

पहिली रहस्यकथा. खुनी त्यांना दहाव्या पानालाच कळला. तिलाही कळला असणार, असं वाटून ते एकटेच हसले. मग हिमालयातला प्रवास. तेव्हा हसू आलं नाही. तिला त्यांनी गगनबावड्यापलीकडं कधी नेलंच नव्हतं. एका कादंबरीतला नवरा रोज बायकोला तिचा दिवस कसा गेला ते विचारायचा. अण्णासोंनी ती रागानं मिटली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. त्यानंतर मधमाश्या पाळायचं पुस्तक निघालं. हिला मधमाश्या कशाला हव्या होत्या? आता विचारणार कुणाला! बावीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिची आपल्याला ओळखच नव्हती, असं त्यांना वाटलं.

चौथ्या आठवड्यात ते स्वतःच कपाटं चाळू लागले. आरोग्याच्या खणात कॅन्सरवरचं एक पातळ पुस्तक होतं. त्यांनी भीतभीत एकविसावं पान काढलं.

तीन टिंबं.

पुस्तकामागच्या चिठ्ठीवर तारखेचा एकच शिक्का होता. मिरजेहून परतल्यानंतरचा बारावा दिवस.

"शालूबाई, हे नेताना काय म्हणाली ती?"

"शेजारणीला पायजे म्हणाल्या. आणि तुमच्याजवळ बोलू नको म्हणाल्या, उगंच भ्याल म्हणून."

अण्णासो तिथल्या बाकावर बसले. "चैत्रात जोतिबाला चालत जाऊ," असं ते तिला सारखं म्हणायचे. "व्हय, जाऊ की," म्हणून ती पान उलटायची. सगळं वाचून बसली होती ती, आणि त्यांचं सोंग मोडू नये म्हणून तिनंही सोंग घेतलं होतं. आठ महिने एका घरात दोघं आपापले भ्याले. एकदा जवळ बसून रडायचं, तेवढं राहून गेलं.