आप्पांचा उपवास आणि चियांग माईचा स्वयंपाक

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की दुकानदार माझी यादी मलाच वाचून दाखवायला सांगतो. हे मी माझ्यापुरतं लिहितेय. पण कोणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं.

तर थायलंडमधल्या चियांग माई शहरातल्या त्या घराच्या स्वयंपाकघरात मी उभी होते आणि समोर पातेलंभर साबुदाण्याची खिचडी तशीच होती. खिचडी मोकळी झाली होती. दाण्याचं कूट मी इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावाहून भाजून नेलं होतं. तरी पाच माणसांत मिळून एक वाटीसुद्धा संपली नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

माझा धंदा डब्यांचा. रीडिंगमध्ये आयटीवाल्या घरांना मी डबे देते. फुल डबा म्हणजे चार पोळ्या, भाजी, वरण, भात. हाफ डबा म्हणजे भात नाही, कारण रीडिंगची निम्मी माणसं डाएटवर असतात. माझे मिस्टर एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहेत. आमच्या धंद्यात माणशी अंदाज फार महत्त्वाचा. म्हणजे एक माणूस किती खाईल ते आधी ओळखायचं आणि तेवढंच शिजवायचं. अंदाज चुकला तर एक तर माणूस उपाशी राहतो, नाही तर नफा कचऱ्यात जातो.

वर्षाताई माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्या ब्रॅकनेलला ऑफिसात जातात. त्यांच्याकडे सासरे आहेत, आप्पा. आप्पा नागपूरचे, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांना चियांग माईची जुनी देवळं बघायची होती. टीव्हीवर बघून बघून त्यांनी डोकं खाल्लं होतं. अडचण एकच. आप्पा बाहेरचं खात नाहीत. चहासुद्धा थर्मासमधून नेतात. म्हणून वर्षाताईंनी ठरवलं की सुमनताईंना, म्हणजे मला, बरोबर न्यायचं. बरोबर वर्षाताईंचे मिस्टर निखिल, त्यांची मैत्रीण मृणाल, माझी हाफ डबेवाली, आणि तिचा नवरा प्रणव. ओट्यासकट अख्खं घर भाड्याने घेतलं.

"तुमचं तिकीट मी काढते," वर्षाताई म्हणाल्या. "तिथे तुम्ही जेवण करायचं. पर प्लेट रेट लावू. जेवढ्या प्लेट्स होतील त्यातून तिकीट वळतं करू. मी एक्सेल केलंय, म्हणजे मृणालला वाटायला नको की तिच्यावर जास्त पडलं."

"आणि प्लेट्स कमी झाल्या तर?" हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. पण मला चारचौघांत बोलता येत नाही. मी मान हलवली. शिवाय जेवायला कोण कमी बसणार होतं? आप्पा एकटे पाच पोळ्या खातात.

मी कणीक नेली, तूरडाळ नेली, गोडा मसाला, मेतकूट, पोह्याचे पापड नेले. कुकर हँडबॅगेत घातला तर सिक्युरिटीवाल्याने शिटी काढून उजेडात धरून बघितली. वर्षाताईंनी त्याला काय समजावलं देव जाणे, पण त्याने शिटी दोन्ही हातांनी परत दिली.

पहिल्या दिवशी सगळे पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी शहर बघायला गेली. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, पाण्याने भरलेला, आणि विटांच्या भिंतीचे तुकडे अजून उभे आहेत. आत वळलं की देऊळ. पुन्हा वळलं की पुन्हा देऊळ. संध्याकाळी परत आले तेव्हा प्रणव म्हणाला, "सुमनताई, मला अजिबात भूक नाही. जेट लॅग." निखिलचं डोकं दुखत होतं. मृणाल म्हणाली, "आज माझी चतुर्थी."

मला वाटलं, असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा म्हणाले, "सुमन, आज माझा उपवास."

"कसला हो आप्पा?"

"असाच. धरला."

म्हणून मी खिचडी केली. आप्पांनी दोन चमचे खाल्ले आणि म्हणाले, साबुदाण्याने पित्त होतं. वर्षाताईंनाही त्या दिवशी उपवास आठवला. चौथ्या दिवशी मी भगर आणि दाण्याची आमटी केली. वर्षाताई म्हणाल्या त्यांना ऑफिसचा कॉल आहे, एखाद्या कॅफेत बसून घेते, तिथे वायफाय चांगलं असतं. मृणालचा पुन्हा उपवास. इतके उपवास मी श्रावणातही बघितले नव्हते, आणि तेसुद्धा सुट्टीवर आलेल्या माणसांचे.

वर्षाताई रोज रात्री लॅपटॉपवर प्लेट्स भरायच्या. "आज दोन," त्या हळूच म्हणायच्या. तिकीट किती होतं ते मला माहीत होतं. असंच चाललं तर ते माझ्या डोक्यावर राहणार होतं आणि पुढचं वर्षभर मी फुकट डबे देणार होते. पण खरी काळजी वेगळीच. माझ्या हाताची चव गेली की काय? ती गेली तर तिकीटच काय, धंदाच गेला. मी वरण चाखून बघितलं. पाणी बदललं. बाटलीचं पाणी आणून भात लावला. मला तरी फरक कळेना.

मिस्टरांना फोन केला. "अहो, माझ्या हाताला काही झालंय का?"

"मीठ बघितलंस?"

"बघितलं. बरोबर आहे."

"मग माणसं बघ," ते म्हणाले आणि त्यांना कोणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

पाचव्या दिवशी कोथिंबीर संपली. मी पिशवी घेऊन बाजाराकडे निघाले. देवळाच्या मागच्या गल्लीत एक छोटी टपरी होती. चार टेबलं, वर पिवळा झेंडा. त्या देशात जिथे शाकाहारी जेवण मिळतं तिथे असा पिवळा झेंडा लावतात. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर, घरी पित्तामुळे झोपून असलेले आप्पा बसले होते.

समोर मोठा वाडगा. पिवळी आमटी, आत नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स. आप्पा लिंबू पिळत होते. अगदी सवयीने.

"आप्पा!"

आप्पांचा हात तसाच राहिला. मग ते म्हणाले, "बस, सुमन. खाली बस आधी."

"तुमचा उपवास आहे ना?"

"आहे की. इथे नारळाचं दूध आहे. नारळ चालतो."

"आणि नूडल्स?"

"त्यांचं मी अजून बघितलं नाही," आप्पा म्हणाले. "याला खाओ सोई म्हणतात. दुसऱ्या दिवशी देवळातून बाहेर पडलो तर वास आला. मी कांदा विचारला, मांस विचारलं, मासळी विचारली, सगळं खुणांनी. या बाईने मला आत नेऊन पातेलं दाखवलं. सुमन, माणूस एवढं दाखवतो तर आपण खायला नको?" टपरीची मालकीण हसली आणि माझ्यासमोरही वाडगा ठेवला.

मी चमचा उचलला तेवढ्यात मृणाल आणि प्रणव आले. आम्हाला बघून ते दारातच वळले.

"वळू नका," आप्पा म्हणाले. "या."

मृणाल माझ्यासमोर बसली आणि तिचा चेहरा लाल झाला. "सुमनताई, तुमच्या जेवणाला नावं ठेवायची नव्हती. पण इथे येऊन रोज वरणभात... आणि आप्पांसमोर कसं सांगणार? ते बाहेरचं खात नाहीत ना." हे ती आप्पांकडे बघतच म्हणाली.

"बरोबर आहे, नाही खात," आप्पा म्हणाले आणि आमटी प्याले.

एवढ्यात ते एकदम खाली वाकले. "सुमन, उठ. माझ्यासमोर उभी राहा. पदर जरा पसर."

गल्लीतून वर्षाताई आणि निखिल येत होते. वर्षाताईंनी काळा गॉगल लावला होता आणि कानात फोनची वायर होती, पण बोलत काही नव्हत्या. त्या सरळ आल्या, मेनूकडे न बघता बाहेरच्या टेबलावर बसल्या आणि मालकिणीने लगेच त्यांच्यासमोर जास्तीची मिरची ठेवली. न मागता. म्हणजे रोजचंच.

मी पदर पसरून उभी. मागे आप्पा. मृणाल टेबलाखाली चप्पल शोधत होती. आणि मालकिणीला वाटलं, एकाच घरची माणसं वेगळी का बसलीत? तिने वर्षाताईंना प्रेमाने हात धरून उठवलं, आत आणलं, मला बाजूला केलं आणि आप्पांच्या शेजारी खुर्ची ओढून दिली.

"आप्पा! तुमचं पित्त?"

"तुझा कॉल झाला का?" आप्पांनी विचारलं.

निखिल म्हणाला, "बाबा, तुम्ही तर चहासुद्धा..."

"तू गप्प बस. तुझं डोकं दुखतंय ना?"

मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तसं कोणी बघितलं की मला काही सुचत नाही. मी म्हटलं, "मग रात्री भात किती लावू?"

प्रणव हसायला लागला तो थांबेना. वर्षाताईंनी गॉगल काढला आणि डोळे पुसले. मीसुद्धा खाली बसून माझा वाडगा संपवला. खरं सांगते, चांगलं होतं. थोडी चिंच चालली असती.

त्या रात्री मात्र माझ्यासमोर खाली मान घालून सगळे पोळ्या खात राहिले. वर दोन-दोन वाट्या वरण. आप्पा तर तिसऱ्या पोळीनंतर हळूहळू श्वास घेत होते. तरी चौथी मागितली. मी दिली नाही.

उरलेल्या दिवसांसाठी वर्षाताईंनी मला सांगितलं, "तुम्ही फिरा." लाल टेम्पोसारख्या गाडीत बसून मी आप्पांबरोबर डोंगरावरचं सोन्याचं देऊळ बघून आले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब नाग आहेत. आप्पा प्रत्येक वळणावर थांबून म्हणायचे, "सुमन, तू दमली असशील."

रीडिंगला परतल्यावर एक्सेल तयार झालं. प्लेट्स अर्ध्याही भरल्या नव्हत्या. माझा अंदाज चुकला, तोटा माझा, असं मी धरलं होतं.

मग वर्षाताईंचा फोन. "सुमनताई, तिकीट फिटलं असं समजा. चूक आमची. पण मृणालला सांगू नका, तिला वाटेल मी नियम मोडला."

दोन दिवसांनी मृणाल दारात. पाकीट माझ्या हातात कोंबलं. "तिकिटाचे राहिलेले पैसे. वर्षाला सांगू नका हं, तिला वाईट वाटेल." मी नको म्हणेपर्यंत ती गाडीत बसली होती.

आणि बुधवारी डबा द्यायला गेले तर घरात आप्पा एकटे. पेन्शनच्या पैशांतले पाउंड काढून ठेवलेले. "हे तुझं तिकीट. सूनबाईला कळता कामा नये."

एका तिकिटाचे पैसे मला तीनदा मिळाले, एकदा माफीत आणि दोनदा रोख. मिस्टर म्हणाले, "ठेव की. वर्षभर डबे फुकट देणार होतीस ना, त्याची भरपाई." पण मी तर चियांग माई बघून आले, वाडगाभर खाऊन आले. परत द्यायचे तर एकाला दिलं की दुसऱ्याचं बाहेर येणार, आणि तिघांनाही मी शब्द दिला होता. म्हणून मी बोललेच नाही. डब्यांतून फेडायला लागले. वर्षाताईंना दर महिन्याचं बिल अर्धंच पाठवलं. त्यांनी विचारलं तर म्हटलं, सुट्टीचे दिवस धरलेत. मृणालच्या हाफ डब्यात भात जायला लागला. ती म्हणाली, "मी डाएटवर आहे." मी म्हटलं, "मग प्रणवला द्या." आप्पांना दर बुधवारी पुरणपोळी. बुधवार का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. असं वर्षभर चाललं.

यातून मी एवढंच शिकले की माणसं प्रवासाला निघाली की त्यांचा माणशी अंदाज निम्मा धरावा, आणि पैसे आधी ठरवून घ्यावेत, लाज वाटली तरी. मागच्या आठवड्यात वर्षाताईंचे आणि मृणालचे फिटले. काल आप्पांना शेवटची पुरणपोळी दिली, आणि सगळ्यांचे पैसे पुरते फिटले.