ह्यांच्या हातची गोळी

चिमटा हातातून पडायला लागला तेव्हा मला वाटलं, वय झालं. हुपरीत आमच्या घरी चांदीचे पैंजण करतात. बारीक कड्या एकात एक गुंतवायचं काम लग्नापासून माझ्याकडं. सकाळी बोटं मिटायचीच नाहीत. दुपारी जरा सैल होत, तोवर अर्धा दिवस बुडालेला.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संधिवातच, पण वयाचा नव्हे. रक्तात टी पेशी असतात. रोगजंतू ओळखायचे आणि बाकीच्या पेशींना त्यांच्यावर सोडायचं, हे त्यांचं काम. माझ्या पेशी माझ्याच सांध्यांना परकं समजत होत्या. आतलं अस्तर सुजत होतं, वेळीच थांबवलं नाही तर हाडही कुरतडलं जाणार होतं. हे आवरायला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. "प्रतिकारशक्ती थोडी दबेल, ताप आला तर लगेच या," असंही बजावलं.

आमच्या ह्यांनी नेमकं तेवढंच ऐकलं. एसटीत बसल्यापासून सुरू. "आपलीच ताकद मारायची गोळी? ही कसली डॉक्टरकी म्हणायची?" आमच्याकडं माणसाला ताकद कमी कर म्हणणं म्हणजे शिवीच. दुसऱ्या दिवसापासून पायाचं सूप, अंडी, गुळवेलीचा काढा. सगळं मी नाक दाबून पोटात ढकललं. प्रेमानं देत होते, नाही कशाला म्हणू?

गोळी मात्र मी चुकवली नाही. पाकिटातून ती दाबून काढण्याइतका जोर माझ्या अंगठ्यात नव्हता, म्हणून हेच काढून तळहातावर ठेवायचे. तपासणीची वेळ आली की ह्यांना काहीतरी काम निघायचं.

दुखणं वाढतच गेलं. बोटं करंगळीकडं कलली. शेवटी मीच हट्ट धरला तेव्हा गेलो. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "गोळ्या घेताय ना?"

"एकबी चुकवली न्हाय," मी म्हटलं.

हे फरशीकडं बघत होते. "ती गोळी म्या दिलीच न्हाय," म्हणाले. "कॅल्शियमची देत हुतो. हिची ताकद जाईल म्हणून भ्या वाटलं."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, उरलंय ते वाचवू, पण झिजलेलं हाड परत येणार नाही.

स्टँडवर चारचौघांत मी ओरडले. "हात माझं हाईत की! मला इचारायचं तरी!" ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

आता खरी गोळी चालू आहे. सूज उतरली, बोटं वाकडी ती वाकडीच. कड्यांचं काम जावेकडं गेलं. कंगवा हातात राहत नाही, म्हणून रोज सकाळी हे माझ्या मागं बसून वेणी घालतात, सैल आणि एका अंगाला गेलेली. "दुखतंय का गं?" विचारतात. मी ह्यांना माफ केलेलं नाही. आणि वेणी पुरी होईपर्यंत मला उठताही येत नाही.