वानखडेंचा फीडर

“सही करा साहेब, की मी चाललो पोलिसांत,” म्हणत शेठजींनी टाइप केलेला रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. साठ-बासष्टची गोष्ट. अकोल्यात त्यांची जिनिंग फॅक्टरी होती आणि मी अशा यंत्रांचा सल्लागार इंजिनिअर. रिपोर्टात लिहिलं होतं की, त्यांचे इंजिनिअर वानखडे फॅक्टरीचा फीडर चोरून अमरावतीच्या कंपनीत गेले. माझी सही झाली असती, तर वानखडे आत गेले असते. सुटल्यावरही वऱ्हाडात त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं.

दुसऱ्यानं लिहिलेल्या रिपोर्टवर मी बापजन्मात सही केलेली नाही. “आधी यंत्र पाहतो,” मी म्हणालो.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणं. पूर्वी बाया टोपलीनं कापूस यंत्रात ओतायच्या. कधी ढीग, कधी काहीच नाही. त्यानं सरकी फुटायची, तुकडे रुईत जायचे, मालाची किंमत पडायची. वानखडेंनी यंत्रावर एक पेटी बसवली. ती कापूस सारख्या थरानं खाली सोडायची. हाच फीडर. शेठजींकडे तो झकास चालू होता. ड्रॉइंगही कपाटात जागच्या जागी होतं.

मग अमरावती गाठली. तिथला फीडर त्याच घडणीचा, पण अकोल्यापेक्षा सरस. वानखडेंनी काही लपवलं नाही.

“ही नक्कल आहे ना?” मी विचारलं.

“मी माह्यीच नक्कल करून राहिलो का साहेब? तोही म्याच बनवला, हाही म्याच.”

“मग अकोला सोडलं काहून? पगार वाढला?”

“पगार तेवढाच हाय. खंडेनवमीले यंत्राची पूजा असते. आपल्याकडं जो यंत्र बनवते, तोच नारळ फोडते. मी नवा सदरा घालून उभा होतो. शेठजीनं नारळ जावयाच्या हातात देल्ला. पाहुण्यायले सांगतलं, फीडर आमच्या जावईबापूनं बसवला. त्याले पाना कसा धरतात ते मालूम नाही! घरी माय पुसे, फोडला का रे बापू नारळ? काय सांगू तिले?”

माझं डोकं तापलं.

अकोल्याला परतलो. “फीडर तोच हाय ना?” शेठजींनी विचारलं.

“त्याच माणसाचा आहे.”

“मंग चोरी झाली!”

“तुमचा फीडर इथं चालू आहे. ड्रॉइंग कपाटात आहे. गेलं ते वानखडेंचं डोकं. ते तुमच्या स्टॉकमध्ये कधीच नव्हतं.”

तसाच रिपोर्ट लिहिला आणि ठसठशीत सही ठोकली. तो वाचून शेठजींच्या वकिलानंही हात वर केले. तक्रार बारगळली. शेठजी काही खुळे नव्हते. त्यांनी वानखडेंना दुप्पट पगारावर परत बोलावलं. वानखडेंनी हात जोडून नाही म्हटलं.

“अजून काय पायजे होतं त्याले?” शेठजी चिडून मला म्हणाले. मी त्यांना नवमीची गोष्ट सांगितली.

“हात् तेच्या! एवढ्याशासाठी माणूस कंपनी सोडते?”

“कामाचा माणूस एवढ्याशासाठीच सोडतो, शेठजी. नुसत्या पगारासाठी थांबणारे सगळे तुमच्याकडेच आहेत.”